फुंका, मग किल्ली

माझा भाऊ बस डेपोच्या गेटवर बसतो आणि लोकांना फुंकायला लावतो. हसू नका, चांगलं पगारी काम आहे. पाळीवर येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याच्या खिडकीशी वाकतो, मशीनच्या नळीत फुंकतो, आणि मशीनच्या काचेवर शून्य उमटलं की दादा त्याच्या हातात बसची किल्ली ठेवतो. दुसरा कुठलाही आकडा आला की ड्रायव्हर आल्या पावली घरी. आदल्या दिवशीची उतरली नसेल तरी मशीन चुगली करतं. डेपोत त्याला पाठीमागे फुंकेसाहेब म्हणतात. ते त्याला माहीत आहे आणि आवडतंही.

नाव ठेवायला जागा नाही हो त्याच्या कामात. गेटवर कुणाची ओळख चालत नाही, कुणाचं रडगाणं चालत नाही. वहिनीचा सख्खा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर होता, त्यालाही दादाने एकदा चारचौघांत परत पाठवलं. वहिनी त्यानंतर कितीतरी दिवस फक्त कामापुरतं बोलत होती. प्यायलेल्या माणसाच्या हातात मी आयुष्यात किल्ली दिली नाही, असं दादा छाती ठोकून सांगतो. ते खरं आहे, आजही खरं आहे, आणि म्हणूनच माझं डोकं फिरतं.

घरातही तोच खाक्या. डेपोला नवं मशीन आलं तेव्हा दादाने रीतसर परवानगी काढून जुनं घरी आणलं आणि फ्रिजवर ठेवलं. फ्रिजच्या बाजूला भिंतीत खिळा, खिळ्याला गाडीची किल्ली. ज्याला गाडी हवी त्याने आधी फुंकायचं. "फुंका, मग किल्ली." वहिनीने जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही, पण तीसुद्धा बाजाराला निघताना खांद्याला पिशवी अडकवून मुकाट फुंकायची. नवरा गेल्यावर मी लेकीला घेऊन दादाच्या घरी मागच्या दोन खोल्यांत राहायला आले. मलाही सूट नव्हती. एकदा खोकल्याचं औषध पोटात असताना मी फुंकले आणि मशीनने आकडा दाखवला. दादाने किल्ली खिशात घातली. मी पार्लर चालवते. त्या दिवशी ड्रायर, कात्र्या, रंगाचे डबे असली जडशीळ बॅग घेऊन बसमध्ये उभी राहून गिऱ्हाइकाच्या घरी गेले. "माझी बहीण बेवडी निघाली," हा विनोद दादाने पुढे येईल त्या पाहुण्याला ऐकवला. खोटं कशाला बोलू, मीही हसायचे.

सगळ्यात जास्त मजा माझ्या लेकीला. तिला घरात सगळे बुटकी म्हणतात. उंची कमी आणि आवाज दांडगा. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसायची. अगदी लहान होती तेव्हापासून ती मामाच्या मांडीवर चढून नळी मागायची. गाल फुगवून फुंकायची आणि लगेच तळहात पुढे करायची. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, शून्य, घ्या किल्ली ड्रायव्हरसाहेब. मग ती किल्ली मुठीत धरून बाईसाहेब गाडीपर्यंत मिरवत जायच्या. दहावीत गेली तरी हा खेळ सुटला नव्हता. नळी दिसली की फुंकायचं आणि हात पुढे करायचा. हे ध्यानात राहू द्या, कारण पुढे मला यानेच मारलंय.

आता लाडोबा. दादाचा एकुलता एक, माझा भाचा. देखणा, गोड बोलणारा, आत्या आत्या करत मागे येणारा. त्याला नुकताच गाडीचा परवाना मिळाला होता आणि दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पोरगा रोज फुंकायचा आणि रोज शून्य यायचं. नुसता तोच नाही. त्याचे मित्र घरी आले की दादा त्यांनाही फ्रिजपुढे रांगेत उभं करायचा. ती पोरंही खिदळत फुंकायची, सगळ्यांचं शून्य. मग दादा त्यांच्या आईबापांना फोन करून सांगायचा की आपल्या पोरांच्या टोळीत दारू नाही, मी स्वतः तपासलंय, निश्चिंत राहा. ते बिचारे निश्चिंत राहायचे.

दारू नव्हतीच. त्या टोळीत कुणी दारूला हातही लावत नव्हतं.

पोराचे डोळे लाल दिसायचे. दादा म्हणायचा, मोबाईल बघून बघून झालेत. पोरगा फ्रिज उघडून उभ्या उभ्या अख्खा ब्रेड जॅम लावून संपवायचा आणि स्वतःशीच हसायचा, वर मशीन ठेवलेलं असायचं. दादा म्हणायचा, वाढतं अंग आहे, खाऊ दे. वहिनीने एकदा त्याचा शर्ट धुवायला टाकताना नाकाशी धरला आणि म्हणाली की याला ओला पाला जाळल्यासारखा वास येतोय. दादाने शर्टाला हातही लावला नाही. पोराला हाक मारली, तोंड उघडायला लावलं, हुंगलं. दारूचा वास आहे का? नाही ना? मग झालं तर. माझं नाक तर रंग आणि स्प्रे हुंगून कधीच मेलंय, आणि दिवसभर मी पार्लरमध्ये. मला कुणी काही विचारलंही नाही.

तो रविवार होता. दुपार, लख्ख ऊन, कोरडा रस्ता. बुटकीला मैत्रिणीकडे शाळेचं काहीतरी करायला जायचं होतं आणि ती बसने निघाली होती. लाडोबा तेवढ्यात मित्रांना भेटून आला होता आणि त्याला परत त्याच बाजूला जायचं होतं. दादा म्हणाला, बसला कशाला पैसे घालतेस, हा सोडेल. पोराने फुंकलं. शून्य. दादाने किल्ली दिली. गाडी निघाली तेव्हा मी एका बाईच्या डोक्याला रंग लावत होते.

पुढचं मला मागून येणाऱ्या टॅक्सीवाल्याने सांगितलं. तो भला माणूस, दवाखान्यात थांबला होता. तो म्हणाला, बाई, गाडी वेगात नव्हती हो. आरामात चालली होती, फिरायला निघाल्यासारखी. पुढे सिग्नलला कचऱ्याचा ट्रक उभा होता. ट्रक केवढा मोठा, सिग्नल लाल, सगळं समोर. ही गाडी थांबेल असं मला वाटत राहिलं, आणि ती थांबलीच नाही. अगदी शेवटी तिने एक हिसका घेतला आणि बाजू वळवली. जी बाजू ट्रकखाली गेली तिथे माझी बुटकी बसली होती.

लाडोबाने पोलिसांना जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. ट्रक त्याला दिसला होता, नीट दिसला होता. पण तो खूप लांब आहे असं त्याला वाटलं, आणि ब्रेक मारायला अजून भरपूर वेळ आहे असंही वाटलं. ट्रकच्या मागचा लाल दिवा छान दिसत होता, म्हणून तो बघत बसला. हे त्याने अगदी खरं सांगितलं. त्याच्या खालच्या ओठाला टाके पडले होते. बाकी अंगावर ओरखडा नव्हता.

दादा दवाखान्यात आला तो मशीन घेऊनच. शपथेवर सांगते. भाची आत ऑपरेशनला, बरगड्या मोडून फुप्फुसात घुसलेल्या, डोक्याला मार, आणि हा माणूस बगलेत मशीन मारून कॉरिडॉरमधून धावत आला. मला वाटलं माझ्याकडे येतोय. तो माझ्या बाजूने पुढे गेला. पोराला बाकावरून उठवलं, नळी त्याच्या तोंडाशी धरली आणि म्हणाला, फुंक. पोराचा ओठ सुजलेला, टाके ताजे. त्याने फुंकलं तसं रक्त नळीवरून ओघळलं. काचेवर शून्य आलं.

दादाने ते शून्य पोलिसाला दाखवलं, मग नर्सला. मग डॉक्टर बाहेर आल्या, तर त्यांना बुटकी कशी आहे हे विचारायच्या आधी त्यांच्यापुढे मशीन धरलं. शेवटी माझ्यापुढे आला. बघ, म्हणाला, शून्य आहे, माझ्या पोराची चूक नाही, रस्त्यावर काहीतरी झालं असणार. तेव्हा मी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती.

डॉक्टरबाई थकलेल्या होत्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि सांगितलं की हे फक्त दारू पकडतं. पोराचं रक्त आम्ही आल्या आल्या घेतलंय, त्यात गांजा आहे, भरपूर आहे. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला की चूक होत असेल, नमुने बदलले असतील, दवाखान्यात असं होतं. पोरगा रोज माझ्यासमोर फुंकतो, रोज. डॉक्टरबाई वाद न घालता आत निघून गेल्या.

मग लाडोबा बोलला. ओठामुळे शब्द नीट फुटत नव्हते, पण ऐकू आलं सगळ्यांना.

"बाबा, म्हणूनच तर आम्ही गांजा घ्यायचो. दारू तुमच्या मशीनवर येते. हा येत नाही."

दादा हसला. विश्वास बसणार नाही, पण हसला, ड्रायव्हरने थाप मारली की गेटवर हसतो तसा. पोरगा पुढे सांगत राहिला. पहिल्यांदा त्यांच्यातल्या एकाने बियरच आणली होती. पण घरी जाऊन फुंकायचं आहे म्हणून कुणी प्यायलं नाही. मग दुसरा कुणीतरी हे घेऊन आला. घरी येऊन फुंकलं तर शून्य. तेव्हापासून काळजीच मिटली. टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं की फुंकेसाहेबांचं शून्य मिळालं की कुणाचेही आईवडील काही विचारत नाहीत. तो हे रागाने बोलत नव्हता. उत्तरपत्रिकेत उत्तर लिहावं तसा बोलत होता. दादा बाकावर बसला आणि त्याने मशीन पिशवीत घातलं, मग पिशवीची चेन लावायला त्याला किती तरी वेळ लागला.

वहिनीने त्याच संध्याकाळी मला बाजूला घेतलं. तिला ते पोटात ठेवता येईना. मला वाटतं, कुणीतरी आपल्याला झोडपावं असं तिला वाटत होतं.

"ताई, बुटकी नाही म्हणत होती. मामा, त्याचे डोळे बघ ना, म्हणाली. मी बसने जाते, म्हणाली. तर हे म्हणाले, डोळे खोटं बोलतील, मशीन नाही बोलत. बस गाडीत."

मी विचारलं, मग? मग काही नाही, वहिनी म्हणाली, मामांना वाईट वाटेल म्हणून बसली बिचारी. मी वहिनीला तिथेच सोडलं. दादाकडे गेले आणि त्याला सांगितलं की तू आणि तुझा पोरगा, दोघांनी या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही. टाकलंत तर मी गोंधळ घालीन, मला लाज उरलेली नाही. ते दोघं खाली गेले आणि पोराच्या जामिनाची धावपळ सोडली तर बरेच दिवस खालीच बसत राहिले.

बुटकी जगली. लोक म्हणतात, देवाची कृपा. म्हणू देत. तिने डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर कुणाच्या आईवर न येवो. खुर्ची बघावी तसं पाहिलं. बोलणं गेलं. डावा पाय हलत नव्हता. माझ्या हातची ती, तिच्या केसांना जन्मात दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, आणि मी वेणी घालायला गेले तर ती मान काढून घ्यायची. तरी घशातली नळी निघाली, श्वासाचं मोठं यंत्र बाजूला झालं, आणि मी म्हटलं चला, श्वास तर आपला आपण घेतेय.

तिथेच घोडं अडलं. डॉक्टरबाईंनी मला बसवून नीट समजावलं. बरगड्या दुखतात म्हणून ती पुरता श्वास घेत नाही, वरच्यावर घेते. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसलाय. तिथे पू धरायला लागलाय, म्हणून ताप. तो भाग उघडला नाही तर परत घशात नळी आणि परत ते यंत्र, आणि या खेपेला यंत्रावर गेली तर निघेल की नाही सांगता येत नाही. त्यांनी मला एक प्लास्टिकचं खेळणं दाखवलं. तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एक गोळा, बाजूला तोंडात धरायची नळी. ती नळी ओठात धरून हवा आत ओढायची. ओढली की गोळे वर चढतात. जरा वेळ धरून ठेवायचं, मग सोडायचं. एक गोळा तरी वर गेला पाहिजे, एवढंच तिच्याकडून हवंय.

आत ओढायचं. फुंकायचं नाही, ओढायचं.

बुटकीच्या ओठाशी नळी नेली आणि तिने गाल फुगवले. बोलणं विसरली, आई विसरली, पण हे विसरली नव्हती. जीव खाऊन फुंकलं. बरगड्या दुखून डोळ्यांत पाणी आलं तरी फुंकलं. गोळे जागचे हलले नाहीत, कसे हलतील? फिजिओ म्हणून एक तरुण पोरगी यायची, गोड, कामसू. तिने हज्जारदा करून दाखवलं, बघ, आत, आत. मी करून दाखवलं. नर्सने करून दाखवलं. बुटकी आमच्याकडे टकामका बघायची आणि नळी आली की फुंकायची. फिजिओ मला म्हणाली, काही पेशंट पहिल्यांदा फुंकतात, पण इतकं घट्ट बसलेलं कधी पाहिलं नाही, हिला कुणी मुद्दाम शिकवलंय का? मी खिडकीबाहेर बघितलं.

ताप वाढला. डॉक्टरबाईंनी यंत्र परत दारापाशी आणून ठेवलं, वर चादर घातलेली. तेव्हा मी माझा हट्ट गिळला आणि खाली जाऊन दादाला बोलावलं. ज्याने शिकवलं त्याचंच ऐकेल, असा माझा हिशेब. येताना जिन्यावर मी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं, ओढ म्हणायचं, ओढ. तो मान हलवत होता. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण एक घर चुकून लावलेलं. खाटेशी बसला, नळी तिच्या ओठाला लावली, आणि त्या माणसाच्या तोंडातून आयुष्यभर जे निघत आलं तेच निघालं.

"फुंक गं बाळा."

तिने फुंकलं. मग तळहात पुढे केला आणि मामाकडे बघत वाट पाहत राहिली.

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कुणाकडे ओळखीने बघत होती. दादाने तिचा तो उघडा तळहात पाहिला आणि त्याचा बांध फुटला. हमसून हमसून, नाक गळेपर्यंत रडला. मला दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, रडून तिचं फुप्फुस उघडणार असेल तर रड, मी बादली आणते. नाहीतर ऊठ आणि तुझ्या पोराला वर पाठव. या घरात हवा आत ओढायला फक्त तोच शिकलाय.

दादाला आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय. कळलं तेव्हा तो नको म्हणाला. हात जोडले त्याने, म्हणाला, ते नको, लोकांसमोर ते नको. मी स्वतःच जिन्यातून हाक मारली.

लाडोबा आला. ओठावर टाक्यांची पांढरी रेघ राहिली होती. दारातच थांबला, बुटकीकडे बघवेना त्याला. मी म्हटलं, इकडे ये, माफी मागू नकोस, मागितलीस तर हाकलीन. तुला जे येतं ते करून दाखव. पोरगा हुशार, त्याला चटकन समजलं. मान खाली घालून त्याने फिजिओकडून नवी नळी घेतली, लावली, ओठात धरली. डोळे अर्धे मिटले. ओढायला लागला, सावकाश, आवाज नाही, खांदे नाही उचलले. पहिला गोळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, आणि तिन्ही वर जाऊन टेकले. तिथेच राहिले. त्याने धरून ठेवलं. मी माझा श्वास सोडला, परत घेतला, परत सोडला, तरी त्याने धरलेलंच होतं. मग ओठाच्या कोपऱ्यातून हळू हळू सोडून दिलं.

दादा गोळ्यांकडे बघत होता. इतके दिवस त्याने त्या छातीतून बाहेर काय येतं तेवढंच तपासलं होतं. आता त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी डोळे भरून पाहिलं, आणि मला बरं वाटलं. कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटो.

पोरगा खाटेच्या कडेला बसला. बुटके, म्हणाला, फुंकू नकोस, माझ्याकडे बघ. तिने फुंकलं. त्याने दोन बोटांनी तिचे गाल दाबून धरले, फुगताच येऊ नयेत म्हणून, आणि परत नळी लावली. ओढ. हळू. आता धर, धर, धर. सोड. असं त्याने कितीदा म्हटलं देव जाणे. मध्येच तिला खोकला आला आणि ती दुखून कळवळली. मी पुढे झाले, तर फिजिओने मला अडवलं. पहिला गोळा थरथरला. अर्ध्यावर गेला आणि पडला. पुन्हा गेला, पडला. मग वर जाऊन टेकला आणि क्षणभर टेकून राहिला.

फिजिओने टाळ्या वाजवल्या. तिला बिचारीला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, ती या दवाखान्यात नवीन होती. तिने लाडोबाच्या पाठीवर थाप दिली आणि कौतुकाने विचारलं की एवढं सुंदर तंत्र, ओढायचं, धरायचं, सोडायचं, आम्हाला कॉलेजात वर्ष वर्ष शिकवतात, तू कुठे शिकलास रे? पोहतोस का? गातोस का?

लाडोबा नळी पुसायला लागला. वहिनी दारात उभी होती, ती जमिनीकडे बघायला लागली. दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि लहानपणी मी त्याचं काही फोडणार असले की जसा बघायचा तसाच बघितला.

"घरीच शिकलाय," मी म्हटलं. "बापाच्या डोळ्यांदेखत."

फिजिओ म्हणाली, अरे वा, मग वडिलांनाही येत असेल. दादा भिंतीला हात लावून उठला आणि बाहेर गेला. वहिनी त्याच्या मागे गेली नाही.

खाटेवर बुटकीने तळहात पुढे केला. गोळा वर गेला होता, तिचं काम झालं होतं, आता तिला किल्ली हवी होती. लाडोबापुढे हात धरून ती त्याच्याकडे बघून हसत होती. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि त्याला बघून हसली. मी पुढे होऊन तिच्या हातात माझा हात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, किल्ली नाही म्हटल्यावर बाजूला सारला, आणि पुन्हा तळहात त्याच्यापुढे केला.

मी लाडोबाला सांगितलं की उद्यापासून सकाळी, दुपारी, संध्याकाळी यायचं, उशीर चालणार नाही. तो हो म्हणाला.